टी-शर्टावरचा संबळ

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या बंदरांची आणि बाजारपेठांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात दख्खनमधल्या दोन मोठ्या पेठांची नावं येतात, पैठण आणि तगर. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेकडे दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजेच आजचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेच्या काठचं. तिथून गाड्यांवर लादून भडोचला काय जायचं हेही पुस्तकात आहे: भरपूर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. भडोचहून तो माल समुद्रापार जाई.

आज तेर म्हटलं की लोकांना आधी आठवतात ते संत गोरोबाकाका. पण अंगावर घालायचं साधं कापड आणि परदेशी बाजार यांचं या गावाशी नातं गोरोबाकाकांहूनही हजार वर्षं जुनं आहे. टी-शर्ट हे आजचं साधं कापड, आणि त्यावर काय छापावं हा आजचा वाद. खालचा संवाद एका मामा-भाचीत रंगवला आहे. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. भाची पुण्यात डिझाइन शिकून परतलेली. ती तिरुपूरहून कोरे टी-शर्ट मागवते आणि देशोदेशीच्या संगीतावरची चित्रं त्यांवर छापून विकते. दोघांची मतं जुळत नाहीत, म्हणून तर बोलणं होतं.

मामा : हे काय काढलंयस? भोपळ्याला दांडा लावलाय. एकतारी म्हणावी तर तारा फार, वीणा म्हणावी तर पडदे नाहीत.

भाची : हे कोरा मामा. पश्चिम आफ्रिकेतलं वाद्य. माली, सेनेगल, गांबिया, गिनी या भागातलं. मोठा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणतात, वर एकवीस तारा. वाजवणारा भोपळा आपल्यासमोर धरतो आणि दोन्ही हातांचे अंगठे नि तर्जन्या, एवढ्या चारच बोटांनी वाजवतो. बाकीची बोटं दांड्या धरून ठेवतात.

मामा : वाजवतं कोण? कुणीही?

भाची : परंपरेने ठरलेली घराणी. त्यांना ग्रिओ म्हणतात, त्यांच्या भाषेत जेली. राजांच्या वंशावळी, लढायांच्या कथा, कुणाच्या घरचं लग्न, सगळं तेच गाऊन सांगतात. बापाकडून मुलाकडे विद्या जाते. तुमानी जाबाते नावाचे या वाद्याचे फार मोठे वादक २०२४ साली गेले. त्यांचं वादन ऐकलं तेव्हाच हे चित्र काढायचं ठरवलं.

मामा : तू ऐकलंस, बरं झालं. पण विकत घेणारा? तो धाराशिवच्या चौकात हे घालून फिरेल आणि कुणी विचारलं तर म्हणेल, डिझाइन भारी वाटलं म्हणून घेतला. त्याच्या कानावर एक तार तरी पडली असेल का?

भाची : न पडो. आधी डोळ्यांना आवडतं, मग माणूस कानाकडे वळतो. एक उदाहरण सांगते. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या डोंगररेघांसारखं एक चित्र असतं, तुम्ही पोरांच्या अंगावर पाहिलं असेल. ते १९७९ साली जॉय डिव्हिजन नावाच्या इंग्रज बँडच्या ध्वनिमुद्रिकेवर पीटर सॅव्हिल यांनी वापरलं. मूळ चित्र संगीताचं नाहीच. जोसेलिन बेल यांना १९६७ साली केंब्रिजला पहिला पल्सार तारा सापडला, त्या ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा तो आलेख. खगोलाच्या ज्ञानकोशातून उचलला, मुखपृष्ठावर आला आणि तिथून लाखो छात्यांवर गेला.

मामा : आणि त्या लाखांतल्या कितींना माहीत आहे की आपण छातीवर तारा घेऊन हिंडतोय? नारायणगावजवळ खोडदला तीस अँटेना उभ्या आहेत, तिथे असल्याच ताऱ्यांचा अभ्यास चालतो. तो टी-शर्ट घालून शिवनेरीच्या सहलीला जाणारं पोरगं त्या अँटेनांच्या शेजारून जातं आणि त्याला पत्ता नसतो.

भाची : थोड्यांना कळतं, तेवढं पुरे. टी-शर्ट छापला नसता तर त्या थोड्यांनाही कळलं नसतं.

मामा : थोड्यांना कळावं म्हणून बाकीच्या सगळ्यांनी नुसता आकार मिरवायचा. हा सौदा मला महाग वाटतो.

भाची : मग तुमच्याच इतिहासात येते. लहानपणी तुम्ही मला लामतुरेंच्या संग्रहालयात नेलं होतं. रामलिंगप्पा लामतुरेंनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू तिथे आहेत. मातीच्या गोल चकत्या तुम्हीच दाखवल्या होत्या.

मामा : रोमन नाण्यांच्या नकला. आपले कारागीर नाण्याचा ठसा मातीत उमटवायचे आणि वर दोरा ओवायची सोय करायचे. गळ्यात घालायला.

भाची : आता सांगा, तो कारागीर रोमला गेला होता का? ज्या सम्राटाचं मुंडकं तो छापत होता त्याचं नाव तरी त्याला ठाऊक होतं का? आणि ते गळ्यात घालून बाजारात फिरणाऱ्या बाईला? तिला ते रूप आवडलं, तिने घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा टी-शर्टच की तो, मामा. आणि त्या चकत्यांच्या शेजारी जी पांढऱ्या मातीची बाहुली-मंडळी आहे, तीही दोन साच्यांच्या पद्धतीने केलेली, रोमन वळणाची. आपल्याकडूनही जात होतंच. पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंती मूर्ती निघाली, तशाच घडणीची बाई तेरला सापडली आहे. ज्या गावाने जगाचं घेतलं आणि जगाला दिलं, त्या गावच्या मुलीने कोराचं चित्र छापलं तर काय बिघडलं?

मामा : मुद्दा चांगला काढलास. आता त्याच पुराव्याची दुसरी बाजू बघ. पेरिप्लसमध्ये तगर या पेठेचं नाव आलं. कापड विणणाऱ्याचं आलं का? एकाचंही नाही. सूत काढणारी, रंगवणारा, गाडी हाकणारा, कुणाचंच नाही. भडोचच्या व्यापाऱ्याला पेठ माहीत होती, कारागीर माहीत नव्हता. कापड गेलं आणि नाव इथेच मातीत राहिलं. तू कोराचं चित्र छापतेस तेव्हा तू त्या विणकराच्या जागी आहेस की भडोचच्या व्यापाऱ्याच्या?

भाची : हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

मामा : विचार. आणि दुसरं सांग, हे 'वर्ल्ड म्युझिक' म्हणतेस ते नक्की कुणाचं? आपलं भजन त्यात बसतं का?

भाची : लंडनमध्ये १९८७ साली काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी एका पबमध्ये बसली. आफ्रिकेचं, लॅटिन अमेरिकेचं, आशियाचं संगीत ते विकत होते. पण दुकानदाराला ते कुठे ठेवावं कळेना. म्हणून सगळ्यांसाठी मिळून हे नाव ठरलं. दुकानातला एक कप्पा, दुसरं काही नाही.

मामा : म्हणजे भीमसेन जोशी आणि तुझे ते जाबाते एका फळीवर. आणि बीटल्स?

भाची : ते त्या फळीवर नाहीत. त्यांची फळी वेगळी.

मामा : बघ म्हणजे. ज्याचं घर बाजाराला जवळचं त्याला स्वतःच्या नावाची फळी, बाकी सगळं जग एका कप्प्यात. तुझ्या टी-शर्टांची मालिकाही तशीच आहे. एका रांगेत कोरा, अरबांचं ऊद, म्बिरा, संबळ, हलगी. रंग सारखे, रेघ सारखी. चित्रात सगळे एका गावचे झाले.

भाची : ते मान्य नाही. सारखी रेघ ही माझी सही आहे. आणि आफ्रिका आपल्याला वाटते तेवढी लांब नाही. १६०० साली अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी परंड्याला उभी केली. परंडा आपल्याच जिल्ह्यात आणि मलिक अंबर मूळचा हबशी, इथिओपियाकडचा. तिथलं क्रार नावाचं तंतुवाद्य मी परंड्याच्या बुरुजापुढे काढलं, तर ते उसनं की आपलं?

मामा : मलिक अंबरने क्रार ऐकलं होतं, हे तुला माहीत आहे का?

भाची : नाही.

मामा : मग चित्र काढ, पण त्याला इतिहास म्हणू नको. कल्पना म्हणून काढलंस तर मी पहिला टी-शर्ट घेतो.

भाची : ठरलं. आता तुमचा खरा राग कशावर आहे ते बोला. संबळावर ना?

मामा : राग नाही, धास्ती आहे. तुळजापूर इथून जवळ. घरोघरी लग्नानंतर गोंधळ घालतात. चौक मांडला, दिवटी पेटली, गळ्यात कवड्यांची माळ, तुणतुणं आणि संबळ, आणि देवीला बोलावणं. तो संबळ तू घामाच्या कपड्यावर छापणार. तो खुर्चीच्या पाठीवर टांगला जाणार, वॉशिंग मशीनमध्ये फिरणार, वर्षाभराने फरशी पुसायला घेतला जाणार.

भाची : पंढरीच्या वाटेवर दरवर्षी पोरं विठोबाचे टी-शर्ट घालून चालतात. त्यांना कुणी अडवत नाही.

मामा : मलाही ते खटकतं. पण वारीतलं पोरगं निदान पायी चालत असतं. तुझा टी-शर्ट घालणारा संबळाच्या ठेक्यावर कधी उभा राहिला होता का?

भाची : झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं म्बिरा घ्या. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी वाजवायच्या. पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावण्याच्या समारंभात ते रात्रभर वाजतं, तुमच्या गोंधळाइतकंच पवित्र. गेल्या शतकात ह्यू ट्रेसी या संशोधकाने त्या जातीच्या वाद्यांवरून कलिंबा तयार करून जगभर विकायला सुरुवात केली. आज पुण्याच्या दुकानातही कलिंबा मिळतो. पण म्बिरा संपलं नाही. २०२० साली युनेस्कोने ते वाजवण्याची आणि घडवण्याची कला वारशाच्या यादीत घेतली. बाजारात गेलं म्हणून पवित्र वस्तू मरत नाही.

मामा : युनेस्कोच्या यादीत नाव आलं म्हणजे जिवंत राहिलं, असं मी मानत नाही. समारंभ चालू आहे म्हणून ते जिवंत आहे. तुझ्या टी-शर्टाने गोंधळ टिकत नाही, गोंधळ्याला बोलावल्याने टिकतो. तरी तुझं अर्धं मानतो. वाद्य काढ. देवीचं मुख काढू नको, चौक काढू नको.

भाची : देवीचं मुख मीच काढलेलं नाही. फक्त वाद्य आणि दोन हात.

मामा : दाखव बघू. जोडीतला एक लहान, एक मोठा, बरोबर. एका काडीचं टोक वाकडं काढलंस, हे पाहून बरं वाटलं. त्या वाकड्या टोकाशिवाय मोठ्या अंगाचा तो घुमारा निघत नाही. हे कुणाकडून कळलं?

भाची : तुळजापूरला गोंधळ्यांजवळ बसले होते. हातात घेऊन पाहिलं.

मामा : आणि ही हलगी? दोन्ही काड्या सारख्या काढल्यास.

भाची : इंटरनेटवरच्या फोटोवरून काढली.

मामा : दिसतंय. हलगीची एक काडी जाड, एक बारीक. जाड काडी ठोका देते, बारीक काडी त्यात तडतड भरते. वाजवण्याआधी ती शेकोटीवर तापवतात, कातडं ताणलं की मग आवाज फुटतो. तू काढली आहेस ती थंड हलगी आहे. वाजणार नाही. गोरोबाकाकांनी संतांची मडकी तपासली म्हणतात, थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर वाजवून. तुझी चित्रं तशी वाजवून बघितली तर संबळ पक्का आणि हलगी कच्ची.

भाची : पुन्हा काढते.

मामा : काडी दुरुस्त करणं सोपं आहे. अवघड पुढे आहे. हलगी ज्यांनी वाजवली त्यांच्या गळ्यात ती कुणी अडकवली? गावाने. मेलं माणूस, आली वरात, निघाली मिरवणूक, तर वाजवायचं, आणि वाजवून दूर उभं राहायचं. आंबेडकरी चळवळीत गावकीची कामं सोडताना कितीतरी लोकांनी हे वाजवणंही सोडलं. आणि आता तीच हलगी शहरातल्या पोराच्या छातीवर, खाली झोकदार अक्षरात काहीतरी लिहून. ज्याने ती रागाने खाली ठेवली त्याला हे बघून काय वाटेल?

भाची : हे मी टाळत होते, खरंय. पण तमिळनाडूत पराई नावाचा असाच ढोल आहे. त्याच्यावरही असाच डाग होता. दलित कलावंतांनी तो उचलला आणि मोर्चात, रंगमंचावर, आपल्या हाताने आणि आपल्या अटीवर वाजवायला सुरुवात केली. आज तो स्वाभिमानाचा ढोल आहे. मी हलगी टाळली तर तीही एक प्रकारची अस्पृश्यताच होईल ना?

मामा : होईल. पण पराई त्यांनी उचलली, दुसऱ्या कुणी उचलून त्यांना दिली नाही. हा फरक विसरू नको. हलगी काढायची तर हलगीवाल्याजवळ बस. त्याला विचार, काढू का, कशी काढू. तो नको म्हणाला तर सोडून दे. हो म्हणाला तर त्याचं नाव चित्राखाली येऊ दे.

भाची : पैसेही.

मामा : तो शब्द तू काढलास, मी नाही.

भाची : काढावाच लागतो. पुतुमायो नावाची कंपनी आहे. १९७५ साली अमेरिकेत लॅटिन अमेरिकेतले कपडे आणि हस्तकलेच्या वस्तू विकायला सुरू झाली. दुकानात वाजवायला त्यांनी देशोदेशीचं संगीत लावलं, गिऱ्हाइकं विचारायला लागली की हे कुठे मिळेल, आणि १९९३ मध्ये त्यांनी रेकॉर्ड कंपनीच काढली. आधी कपडे, मग गाणी. माझं उलटं आहे, आधी गाणं, मग कपडा. पण दोन्हीकडे प्रश्न एकच, मूळ माणसाला काय मिळालं?

मामा : मिळालं का?

भाची : प्रत्येक ठिकाणी सारखं नाही. वाईटातलं वाईट उदाहरण सॉलोमन लिंडा यांचं. दक्षिण आफ्रिकेतले झुलू गायक. १९३९ साली त्यांनी 'म्बुबे' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. दहा शिलिंगांत हक्क गेले म्हणतात. त्याच चालीवरून पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं, सिनेमात गेलं, जगभर वाजलं. लिंडा १९६२ साली गरिबीत वारले. मुलींनी कोर्टात धाव घेतली, तेव्हा कुठे २००६ मध्ये तडजोड झाली.

मामा : सदुसष्ट वर्षं लागली.

भाची : उलट उदाहरणही आहे. बॉब मार्ले यांचा चेहरा छापलेले टी-शर्ट विकणाऱ्यांविरुद्ध त्यांच्या कुटुंबाची कंपनी अमेरिकेत कोर्टात गेली आणि २०१५ साली अपिलातही जिंकली. म्हणून मी वादकाचा चेहरा परवानगीशिवाय छापत नाही. पण वाद्याचा आकार कुणाच्या मालकीचा नाही, मामा.

मामा : मालकीचा नाही म्हणजे फुकटचा, असं कुणी सांगितलं? २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. किती ओरड झाली आठवतं? कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची. तेव्हा आपण सगळे ओरडलो, तूही इंटरनेटवर चार ओळी लिहिल्या होत्यास. मग मालीतल्या माणसाने तुझ्या कोराकडे बघून ओरडू नये?

भाची : प्राडा कुठे आणि मी कुठे? माझा सगळा धंदा एका खोलीत चालतो.

मामा : खोली लहान म्हणून हिशोब लहान होईल, पण सुटणार नाही.

भाची : बरं, मग आपल्याच राज्यातलं बोलू. टी-शर्टवर सगळ्यात जास्त छापलं जाणारं महाराष्ट्रातलं संगीत कुठलं? तारपा. वारली चित्रातलं ते वेटोळं, मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती हातात हात गुंफलेली माणसं. चहाचा मग, पिशवी, पडदा, टी-शर्ट, सगळीकडे. वारली बायका तांदळाच्या पिठाने लग्नाच्या चौकात भिंतीवर काढत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणून जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी आज मॉलमधल्या वारली टी-शर्टवर कुठल्या पाड्याचं, कुणाच्या हातचं, हे लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.

मामा : आणि तारपा ऐकलेला माणूस?

भाची : त्याहून क्वचित. सुकलेल्या भोपळ्याचा तो पोकळ घुमार ऐकला की कळतं, माणसं त्याच्याभोवती वेटोळं का करतात. आवाजाच्या जवळ राहायचं असतं त्यांना.

मामा : भोपळा म्हणालीस म्हणून सुचलं. कोराचा भोपळा, तारप्याचा भोपळा, आपल्या एकतारीचा भोपळा. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तर पंढरपूरच्या बाजूने येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशोदेशीची वाद्यं एका रंगात रंगवून एका रांगेत उभी करण्यापेक्षा, भोपळ्यापासून कुठे कुठे काय झालं ते काढ. मग मालीचं वाद्य तुझ्या मालिकेत पाहुणं वाटणार नाही.

भाची : मामा, ही मालिका मी उद्यापासून घेते.

मामा : घाई करू नको. आधी मिरजेला जाऊन ये. भोपळा कसा वाळवतात, कसा कापतात, तबली कशी बसवतात, बघून ये.

भाची : जाते. पण तुम्हीही माझ्या खोलीत एकदा या. तुम्हाला वाटतं मी बटण दाबते आणि चित्र उमटतं. चार रंगांचं चित्र असेल तर चार स्क्रीन कराव्या लागतात, रंगागणिक एक. जाळीवर इमल्शन लावायचं, वर फिल्म ठेवायची, उजेड दाखवायचा. चित्राच्या काळ्या भागाखाली उजेड पोचत नाही, तिथलं इमल्शन पाण्याने धुऊन जातं आणि तेवढ्याच जागेतून रंग खाली उतरतो. स्क्वीजी ओढताना हात जरा जड पडला की रंग पसरतो. कोराच्या एकवीस तारा छापताना दोन एकमेकींना चिकटल्या तर तो टी-शर्ट मी विकत नाही, बाजूला टाकते.

मामा : का? गिऱ्हाईक कुठे मोजतंय?

भाची : मी मोजते ना.

मामा : हे उत्तर मला आवडलं. तारा मोजणारी बाई नावं विसरणार नाही. आता सांग, नाव छापणार कुठे?

भाची : मानेच्या मागे, आतल्या बाजूला. तिथे साइज आणि धुण्याच्या सूचना असतात. तिथेच वाद्याचं नाव, प्रदेश आणि एक क्यूआर कोड. मोबाइल धरला की त्या वाद्याचं वादन ऐकू येईल.

मामा : आतल्या बाजूला? म्हणजे घालणाऱ्यालाही दिसणार नाही, समोरच्याला तर नाहीच. पेरिप्लसवालाही म्हणाला असता की विणकराचं नाव मी आतल्या बाजूला लिहिलंय.

भाची : बाहेर मजकूर आला की चित्र बिघडतं. लोक वाचायला टी-शर्ट घेत नाहीत. मी विकले नाहीत तर कुणाला मानधनही देता येणार नाही. व्यवहार बघावा लागतो.

मामा : खालच्या कडेला, बारीक अक्षरात, एक ओळ. वाद्य, गाव, वादक. चित्राला धक्का नाही आणि माणूस जवळ आला की वाचता येईल.

भाची : एका ओळीचं ठरलं. पण जे वाद्य कुणा एकाच्या हातून शिकले नाही, तिथे वादकाचं नाव कुठून आणू?

मामा : मग ते वाद्य काढायची वेळ अजून आलेली नाही, एवढंच.

भाची : इथे आपलं जमणार नाही मामा. सगळं जग बघून मगच काढायचं म्हटलं तर आयुष्यात दोन टी-शर्ट होतील. ध्वनिमुद्रण ऐकून, वाचून, फोटो पाहूनही माणूस प्रामाणिकपणे काढू शकतो. कोरा मी तसंच काढलं. चुकलं तर दुरुस्त करीन. पण मालीला जाईपर्यंत थांबणार नाही.

मामा : थांबू नको. पण हलगी दोन घरं सोडून वाजते, तिच्यासाठी तरी इंटरनेट उघडू नको.

यावर दोघांचं बोलणं थांबलं, मतभेद थांबला नाही. मला या वादात जे पटलं ते मांडतो. उचलण्यात पाप नाही. दुसऱ्याकडचं रूप घेतलं नसतं तर तेरची ती मातीची नाणी झालीच नसती. संस्कृतीला कुंपण घालून ती टिकत नाही, हे तेरच्या संग्रहालयात कुणालाही दिसेल. भाचीचा हा मुद्दा खरा आहे. ध्वनिमुद्रण ऐकून काढलेल्या चित्राला अप्रामाणिक म्हणता येत नाही, हेही तिचं बरोबर.

पण मामांचा मुद्दा त्याहून जड आहे. बाजार लांबचा झाला की पहिल्यांदा गळतं ते माणसाचं नाव, आणि नाव गळालं की त्याचा वाटाही गळतो. तगरच्या विणकराचं तेच झालं, सॉलोमन लिंडांचंही तेच होऊ घातलं होतं. वारली चित्राला मानांकन मिळूनही काढणारे हात निनावी राहतात. त्या विणकराच्या काळी नाव लिहायची सोय नव्हती, असं म्हणता येईल. आज टी-शर्टच्या कडेला एक ओळ छापायला वेगळी स्क्रीनही लागत नाही. त्यामुळे जागा नव्हती ही सबब चालणार नाही.

म्हणून डिझाइन करणाऱ्यांसाठी माझा निवाडा असा : ऐकल्याशिवाय काढू नये, नाव घेतल्याशिवाय विकू नये, आणि ज्याच्याजवळ बसून शिकलो त्याला मानधन दिल्याशिवाय छापू नये. हलगीसारखं वाद्य, ज्याच्या मागे जातीचा जाच आहे, ते वाजवणाऱ्याच्या संमतीशिवाय काढूच नये.

आणि विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी वाद्याचं चित्र असलेला टी-शर्ट हातात घ्याल तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा : हे वाद्य कोणतं, आणि कुठे वाजतं? उत्तर मिळालं तर घ्या, घरी जाऊन ऐका. नाही मिळालं तर तो टी-शर्ट परत मांडणीवर ठेवा. चार गिऱ्हाइकांनी असं केलं की पाचव्या वेळी दुकानदार स्वतःच नाव शोधून आणेल.